कडी, पितळी, नग एक

जॉब कार्डावर एवढंच होतं:
कडी, पितळी, नग एक. बाहेरून. कुलपासह.
खाली चार्जमनची सही
आणि कारण: महिला अधिकारी रुजू होत आहेत.

लायन गेटपासून जेटीपर्यंत
हत्यारांची पिशवी घेऊन चालताना
मी काहीच विचार केला नाही.
एकतीस वर्षं डॉकयार्डात गेली.
ड्रॉइंग येतं, आपण भोक पाडतो.

जहाजावर मात्र चर्चा जोरात.
एक म्हणाला, आता बनियनवर फिरायची चोरी.
दुसरा म्हणाला, बोट लागली की उतरतील आपोआप.
तिसरा, मिसरूड न फुटलेला, साताऱ्याकडचा,
माझ्या ड्रिलची वायर धरून गप्प उभा.
मीही हसलो. खोटं कशाला सांगू.
शिवडीच्या कोळीवाड्यात
आईनं जन्मभर डोक्यावर पाटी वाहिली,
पण बापाच्या होडीला तिचा पाय
लागू दिला नाही कुणी.

मग ती आली.
छातीवर पाटी: तांडेल.
मी दोनदा वाचलं.
तांडेल म्हणजे सुकाणूवरचा माणूस, होडी ज्याच्या शब्दावर वळते तो.
आमच्यात बाईला आडनाव मिळतं,
सुकाणू नाही.

सब-लेफ्टनंट उत्कर्षा तांडेल, डहाणूची.
तिनं दार ओढलं, लोटलं,
कुलूप तळहातावर तोललं.
'किल्ली कुणाकडे?'
'ड्यूटी ऑफिसरकडे, मॅडम.'
'म्हणजे रात्री दोनला मी त्यांना उठवायचं,
किल्ली मागायची, वहीत सही करायची,
आणि आत गेल्यावर
दार हातानं धरून बसायचं?'

मी ड्रॉइंग पुढे केलं. तेच माझं चिलखत.
ती चिडली नाही.
'वैतीकाका,' म्हणाली, 'हे ज्यानं काढलं
त्याच्यावर आतून कडी शोधायची वेळ
कधी आली नसणार.'

दुपारी डबा उघडला
आणि घास हातातच राहिला.
आमच्या चाळीतला कोपऱ्यातला संडास.
त्याची कडी कधी तुटली, आठवत नाही.
रात्री सुलभा पार्वताबाईंना हाक मारते,
एक आत, एक बाहेर दार धरून,
मग अदलाबदल.
आणि मी, फिटर, हायली स्किल्ड ग्रेड वन,
कूस बदलून झोपतो.

नवं कार्ड नव्हतं. तरी काढली.
चार स्क्रू बाहेरून सोडवले, चार आतून आवळले,
कुलूप स्टोअरला जमा.
चार्जमन म्हणाला, कुणाच्या हुकमानं?
म्हटलं, तांडेलच्या.

रविवारी नागदेवीतून दुसरी आणली, ती चाळीत बसवली.
पाच मिनिटांचं काम.
सुलभा बघत होती, दाराला हात लावून.
'एवढंच होतं होय?' म्हणाली.
त्यानंतर दोन दिवस
ती माझ्याशी फारसं बोलली नाही.

वर्षानं जहाज दुरुस्तीला आलं.
साताऱ्याच्या पोराला मिशी आली होती.
त्यानं सांगितलं,
पेपरातल्या फोटोत मॅडम पुढे,
रात्रीचा वॉच वाटताना मात्र
'राहू दे, कशाला त्रास.'
मग एकदा तीन दिवस दर्या फिरला,
दोघं आडवे झाले, आणि मधल्या रात्री
ब्रिजवर तीच होती.
'आणि बोट लागली?' मी विचारलं.
'लागली ना,' तो म्हणाला, 'मला.
मॅडमनापण. बादली शेजारी ठेवून
त्या कोर्स सांगत होत्या.'

मी दाराशी गेलो.
कडी झिजून उजळ झाली होती,
अंगठा लागतो तिथे जास्त.
बाहेरची चार भोकं मीच बुजवली होती,
पुट्टी, वर करड्या रंगाचे दोन हात.
लांबून कळत नाही.
तिरकं ऊन आलं
की मोजता येतात.